मालिकेतला वाडा आणि चालता वाडा

मराठी मालिकेला वाडा लागतो. दिवाणखाना, जिना, देवघर आणि त्यांतून वर्षानुवर्षे बाहेर न पडणारी माणसे. धनगरांच्या बोलण्यातही वाडा आहे, पण तो चालतो. काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या मिळून एकत्र फिरतात, त्या अख्ख्या मेळाला ते वाडा म्हणतात. धनगर नायक असलेल्या मालिका मी संत तुकाराम नगरातल्या माझ्या घरी वही घेऊन पाहिल्या. या विषयातली पदवी माझ्याकडे नाही. प्रश्न मात्र एकच होता. पडद्यावर मेंढका आला, पण त्याचे काम आले का?

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. 1959 ते 1965 या काळात तिकडे ‘रॉहाइड’ नावाची मालिका चालली. क्लिंट ईस्टवुड तिच्यामुळेच घरोघरी पोचला. टेक्सासमधून गुरांचा कळप हाकत मिसुरीतल्या सेडालियापर्यंत न्यायचा, एवढीच तिची गोष्ट. त्यातले गुराखी मजुरीवरचे गडी होते. नदीला पूर येतो, पाणी आटते, गुरे उधळतात, आणि तरी कळप पुढे गेलाच पाहिजे. तिथे काम हेच कथानक होते.

आपल्याकडे ‘जय मल्हार’ (2014) आली. तिच्यातली बानू धनगराची लेक. लोककथेत तिच्यासाठी खुद्द खंडोबा मेंढक्याची चाकरी पत्करतो. मेंढ्या धुवायला नेतो आणि त्या खडकावर आपटतो, मग जिवंत करतो, असेही एक कथा सांगते. लोकर कातरण्याआधी मेंढरे धुतात. म्हणजे कथा रचणाऱ्याला धंदा ठाऊक होता. मालिकेचे लक्ष अर्थातच म्हाळसा–बानूच्या सवतीमत्सरावर अधिक राहिले.

2018 साली ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’ सुरू झाली. बाळूमामांचा जन्म 1892चा, चिकोडी तालुक्यातल्या अक्कोळचा. समाधी 1966 साली, आदमापुरात. हा संत मठात बसला नाही. सीमाभागात मेंढरांमागे चालत राहिला. त्यांच्या मेंढ्यांचे बग्गे आजही फिरतात आणि ते आपल्या रानात बसले तर पीक चांगले येते, अशी शेतकऱ्यांची श्रद्धा आहे. मालिकेने ही श्रद्धा मन लावून दाखवली. तिच्या मुळाशी असलेला व्यवहार मात्र मागे पडला, आणि मला तोच जास्त रोमांचक वाटतो.

तो व्यवहार असा. माण, आटपाडी, पारनेरसारख्या कमी पावसाच्या भागांत पावसाळा सरला की चारा आटत जातो. म्हणून दिवाळीच्या सुमारास वाडे निघतात. कोणी घाट उतरून कोकणात, कोणी मावळ-मुळशीकडे. कोकणातला धो धो पाऊस मेंढीला सोसत नाही, चिखलात तिचे खूर सडतात. तेव्हा जूनआधी परतायचेच. शेतकऱ्याचे भात निघालेले असते, रान मोकळे असते. तो मेंढ्या बसवून घेतो. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभे राहते. रात्रभर लेंडी आणि मूत त्या तुकड्यात पडते. दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात. असे सगळे शेत खतावून होते. मोबदला धान्यात किंवा पैशांत, किती मेंढ्या आणि किती रात्री यावर ठरतो. म्हणजे मेंढका केवळ भटक्या नव्हे. तो मजुरी ठरवून खत घालणारा कारागीर आहे.

आणि निम्म्याहून जास्त काम बायकांचे. पुरुष मेंढरे घेऊन रानात जातात. घोड्यावर बिऱ्हाड लादणे, त्यावर कोकरे आणि लेकरे बसवणे, पुढच्या तळावर चूल मांडणे, पाणी शोधणे हे त्या करतात. वाड्याचा म्होरक्या पुढे जाऊन रान आणि गावकऱ्यांचा कल पाहून येतो. रात्री लांडग्याची भीती, दिवसा हायवे ओलांडण्याची. कोणत्याही लेखकाला शंभर भागांचा मजकूर इथे आयता आहे.

हे सगळे ज्याने धरले तो सिनेमा होता. भाऊराव कऱ्हाडे यांनी आपली शेतजमीन विकून ‘ख्वाडा’ केला. तो 2015 साली प्रदर्शित झाला. ख्वाडा म्हणजे अडथळा. त्यात मेंढरांमागे फिरणारे कुटुंब, जमिनीचा वनखात्याशी चाललेला खटला आणि गावातला मुजोर सरपंच आहे. बापाच्या भूमिकेत शशांक शेंडे. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. जागेवरच ध्वनिमुद्रण केल्याबद्दलचा पुरस्कारही त्यात होता. मेंढरांचा आवाज स्टुडिओत आणून भरता येत नाही, एवढे तरी त्यामुळे सिद्ध झाले!

मालिकेला हे का जमत नाही? माझ्या मते दोष नियतीचा नाही, हिशेबाचा आहे. रोज एक भाग द्यायचा तर सेट एका जागी हवा. मेंढरू रीटेक देत नाही, आणि चालत्या वाड्याला भिंतच नसते, मग दाराआडून ऐकणार कोण?

इकडे आमच्या पट्ट्यात रानेच कमी होत आहेत. चाकणच्या बाजूला जिथे मेंढ्या बसायच्या तिथे गोदामे आणि शेड उभ्या आहेत. पाणी मिळालेल्या शेतात भात निघताच दुसरे पीक येते आणि खताची गोणी दुकानात मिळते. चाकण–तळेगाव रस्त्याकडेला गेल्या हिवाळ्यात एक म्होरक्या भेटला. कंटेनरच्या रांगेतून वाट काढत त्याची मेंढरे पलीकडे जात होती. तो मोबाइलवर कुणाला तरी विचारत होता, “दादा, तुमचं रान मोकळं झालं का? चार रात्री बसवतो.”