गुरुत्वाकर्षणास कोठें गळती आहे काय ?

सावेडी हें कांहीं दशकांपूर्वीं नगर शहराबाहेरचें एक खेडें होतें. शहराचें सरकारी नांव आतां अहिल्यानगर झालें, आणि सावेडीहि खेडें राहिलें नाहीं. गुलमोहोर रस्ता, पाईपलाईन रस्ता अशा नांवांच्या रस्त्यांवर बंगल्यांच्या व सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत. यांपैकीं पाईपलाईन रस्त्याजवळ आमचे एक वयोवृद्ध स्नेही राहतात. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यांत, कालव्यांचें पाणी मोजण्यांत गेली. तेव्हां ज्या रस्त्यास नळाचें नांव आहे तेथेंच त्यांनीं घर बांधावें, याची आम्हांस नेहमीं मौज वाटत आली आहे. सारी आळी त्यांस अण्णा म्हणते. आम्हीहि तेंच म्हणूं.

गेल्या दिवाळींत त्यांची नात पुण्याहून आली होती. ती पदार्थविज्ञान शिकते. फराळ चालला असतां, लांबी, रुंदी व उंची यांखेरीज अवकाशास आणखी दिशा आहेत कीं नाहींत हें शास्त्रज्ञ हल्लीं मोजून पाहत आहेत, असें ती सहज बोलून गेली. अण्णांनीं चकलीचा तुकडा हातांत तसाच धरला व विचारलें, "जी दिशा दिसत नाहीं ती मोजणार कशी ग ?"

"आजोबा, पाटाची गळती तरी तुम्हांला कोठें दिसत होती ? ती कशी शोधीत होतां ?"

अण्णा कांहीं वेळ गप्प राहिले. आम्हांस मात्र त्या एका प्रश्नानें हा सारा विषय उलगडल्यासारखा झाला, व म्हणूनच तो आज वाचकांपुढें मांडीत आहों.

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. या जिल्ह्यांत पाटाच्या पाण्याचा हिशोब न ऐकलेलें घर क्वचित् सांपडेल. मुखाशीं किती क्युसेक सोडलें व टेलच्या शेतकऱ्यास किती पोंचलें, या दोन आंकड्यांत जी तूट येते तिच्यांतून ऊन्हानें उडालेलें व जमिनींत नेहमीं मुरणारें पाणी वजा घालावें; तरीहि तूट उरली, तर मध्यें कोठें तरी भेग आहे किंवा कोणी तरी पाणी वळवीत आहे. भेग डोळ्यांस दिसत नाहीं. हिशोबांतील तूट दिसते.

गुरुत्वाकर्षणाचा हिशोब याच जातीचा आहे. समईचा प्रकाश दुप्पट अंतरावर चौपट जागेवर पसरतो, म्हणून तेथें तो चतुर्थांश पडतो. न्यूटननें १६८७ सालीं ग्रंथरूपानें मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा नियमहि असाच आहे: अंतर दुप्पट, तर ओढ चौथा हिस्सा. हा चौथा हिस्सा येतो तो अवकाशास तीन दिशा आहेत म्हणून. आणखी एक दिशा असती तर गुरुत्वाकर्षण तिच्यांतहि पसरलें असतें व दुप्पट अंतरावर त्याचा आठवा हिस्सा उरला असता. दोन दिशा अधिक असत्या तर सोळावा. सारांश, अधिक दिशा म्हणजे अधिक गळती. दिशा पाहावयाची नसून तूट मोजावयाची आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं ग्रह तर न्यूटनच्या नियमानें बिनचूक फिरतात. मग शंकेस जागा कोठें उरली? यास उत्तर थिओडोर कालुझा यानें १९२१ सालीं व ऑस्कर क्लाइन यानें १९२६ सालीं सुचविलेल्या कल्पनेंत आहे. जानव्याचें सूत हातभर अंतरावरून पाहिलें तर त्यास केवळ लांबी आहे असें वाटतें. भिंगाखालीं धरलें तर त्यास घेरहि आहे असें कळतें, आणि एखादा कण त्या घेराभोंवतीं फिरूंहि शकेल. जास्तीच्या दिशा अशाच, लहानशा घेरांत गुंडाळलेल्या असतील तर ग्रहांच्या अंतरावर त्यांचा मागमूस लागणार नाहीं. त्या घेराहून कमी अंतरावर दोन पदार्थ आणले तरच न्यूटनचा हिशोब चुकेल.

हा घेर किती लहान असावा ? पुष्कळ वर्षें अशी समजूत होती कीं तो अणूच्याहि कल्पनेपलीकडे सूक्ष्म असणार, म्हणून त्याचा विचार करण्यांत अर्थ नाहीं. परंतु १९९८ सालीं अर्कानी-हामेद, दिमोपुलोस व द्वाली या तिघांनीं दाखवून दिलें, कीं अशा दोन दिशा असून त्यांचा घेर जवळजवळ मिलिमीटरएवढा असला, तरी गुरुत्वाकर्षणाच्या तोंवर झालेल्या कोणत्याहि मापनास ती गोष्ट खटकली नसती. कारण मिलिमीटरहून कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण कोणी नीटसें मोजलेंच नव्हतें! सूर्यचंद्रांची ओढ मोजणाऱ्या मनुष्यास आपल्या नखाच्या जाडीएवढ्या अंतरावरची ओढ ठाऊक नसावी, हें वाचून आम्ही तरी चकित झालों.

याचें कारण गुरुत्वाकर्षणाचा विलक्षण दुबळेपणा. देवघरांतील टांचणी एका लहानशा लोहचुंबकानें उचलली जाते. सारी पृथ्वी तिला खालीं ओढीत असतांहि चुंबक जिंकतो. कदाचित् गुरुत्वाकर्षण मुळांत दुबळें नसेल, त्याचा मोठा भाग दुसऱ्या दिशांत गळून जात असेल, अशीच त्या तिघांची कल्पना होती.

अशी दुबळी ओढ मोजण्याचें साधन मात्र सव्वादोनशें वर्षांचें जुनें आहे. लामणदिवा सांखळीस टांगला कीं तो वाऱ्याच्या झुळुकेनें किंचित् पिळतो व परत फिरतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. सांखळीऐवजीं बारीक तार व दिव्याऐवजीं दोन टोंकांस गोळे लावलेली दांडी घेतली, कीं झाला पीळतराजू. हेन्री कॅव्हेंडिश यानें १७९७-९८ सालीं असा तराजू बंद खोलींत टांगला, प्रत्येकीं सुमारें १५८ किलो वजनाचे शिशाचे दोन गोळे जवळ आणले, आणि आपल्या अंगाच्या ऊबेनें हवा हलूं नये म्हणून खोलीबाहेरून दुर्बिणींतून दांडीचें वळणें पाहिलें.

आपल्याकडेहि हें काम झालें आहे, व तें फारसें कोणास माहीत नाहीं. हंगेरीच्या एत्वेश या शास्त्रज्ञाच्या जुन्या आंकड्यांची फेरतपासणी होऊन १९८६ सालीं असा दावा पुढें आला, कीं गुरुत्वाकर्षणाच्या जोडीस निसर्गांत एक 'पांचवें बल' असावें व तें द्रव्यागणिक निराळें ओढीत असावें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रमानाथ कौशिक, सी. एस. उन्नीकृष्णन व त्यांचे सहकारी यांनीं कर्नाटकांतील गौरीबिदनूर येथें, जमिनीखालीं सुमारें २५ मीटरांवर, आपला पीळतराजू टांगला. तेथवर रस्त्याची धडधड व दिवसरात्रींच्या उष्णतेंतील फरक पोंचत नाहींत. त्यांचे निष्कर्ष १९८८ व १९९० सालीं प्रसिद्ध झाले: त्यांच्या तराजूस जेवढें बारीक पाहतां येत होतें तेवढ्यांत पांचवें बल कोठेंहि नव्हतें. त्यांचा प्रश्न जास्तीच्या दिशांचा नव्हता, पण हत्यार तेंच व शिस्तहि तीच.

दिशांचा प्रश्न हातीं घेतला तो अमेरिकेंतील सिॲटल येथील एरिक ॲडलबर्गर यांच्या मंडळीनें. एत्वेश व वॉशिंग्टन या दोन नांवांची मोड करून त्यांनीं आपल्या गटास 'एत-वॉश' म्हटलें आहे. त्यांनीं गोळ्यांऐवजीं छिद्रें पाडलेल्या तबकड्या घेतल्या. खालची तबकडी सावकाश फिरते. तिचीं छिद्रें वरच्या टांगलेल्या कड्याच्या छिद्रांखालून जातात, तसें तें कडें किंचित् मागेंपुढें वळतें. विजेची ओढ मध्यें येऊं नये म्हणून दोहोंच्या मध्यें धातूचा अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो. २००१ सालीं त्यांनीं सुमारें पांचांश मिलिमीटरपर्यंत न्यूटनचा नियम तपासला; २००७ सालीं ५६ मायक्रॉनपर्यंत व २०२० सालीं ५२ मायक्रॉनपर्यंत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहस्रांश. डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. या सर्व टप्प्यांत न्यूटनचा हिशोब जुळला. म्हणजे, जास्तीची एखादी दिशा असलीच तर तिचा विस्तार सुमारें ३० मायक्रॉनहून मोठा नाहीं. सहा वर्षांच्या कामानें चार मायक्रॉन पुढें जातां येत नाहीं, त्यास तेरा लागलीं, यावरून या कामाची चिकाटी ध्यानांत यावी.

चौदा भुवनांच्या कथा ऐकून वाढलेल्या आमच्यासारख्यांस या ठिकाणीं 'हें आमच्याकडे पूर्वींच सांगितलें आहे' असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. पुराणकारांनीं भुवनांची संख्या सांगितली, तीं असल्यास ओढ किती कमी व्हावी याचा आंकडा दिला नाहीं. आणि जेथें आंकडा नाहीं तेथें चूक ठरण्याचीहि सोय नाहीं.

आतां दुसरें टोंक पाहूं. गळती जवळच्या अंतरावर नसून फार लांबच्या अंतरावर होत असेल तर ? तेथें टेबलावरचा तराजू उपयोगाचा नाहीं. पाटहि कोट्यवधि प्रकाशवर्षांचा लागणार. असा पाट १७ ऑगस्ट २०१७ रोजीं सांपडला. त्या दिवशीं आपल्याकडे सायंकाळचे सहा वाजून अकरा मिनिटें झालीं असतां, अमेरिकेंतील लायगो या नांवाच्या दोन वेधशाळांनीं व इटलींतील व्हर्गो या तिसरीनें मिळून, दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोंवतीं फिरत आदळल्याची गुरुत्वलहर टिपली. लायगोच्या चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लांबी अशा लहरीनें प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनहि कमी बदलते, आणि तेवढा फरक तेथें मोजला जातो.

पाण्याच्या हिशोबाशीं हें किती जुळतें पाहा. ती लहर सुमारें १०० सेकंद ऐकूं आली व तिचा सूर चढत गेला. सूर कोणत्या वेगानें चढतो यावरून ताऱ्यांचें वजन कळतें, आणि त्यावरून मूळ लहर किती जोराची होती तेंहि कळतें: हें मुखाशीं सोडलेलें पाणी. पृथ्वीवर ती किती क्षीण होऊन आली, हें टेलला पोंचलेलें पाणी. आणि दुर्बिणींनीं तोच स्फोट एन्‌जीसी ४९९३ या आकाशगंगेंत पाहिल्यामुळें पाटाची लांबीहि स्वतंत्रपणें कळली: सुमारें १३ कोटी प्रकाशवर्षें. आमच्या नारायणगांवाजवळ खोडद येथील तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणहि या स्फोटाच्या मागें राहिलेल्या प्रभेचा वेध घेणाऱ्यांत होती.

हिशोब जुळला. लहर जेवढी क्षीण व्हावी तेवढीच झाली होती. पार्डो, फिशबाक, होल्झ व स्पर्गेल यांनीं २०१८ सालीं हे आंकडे मांडून, गुरुत्वाकर्षणाच्या मतें अवकाश व काळ मिळून किती परिमाणें आहेत तें काढलें. उत्तर आलें ४.०२, व त्यांत सुमारें एकदशांशाची चूक संभवते. तीन अवकाशाचीं व एक काळाचें, मिळून चारच ! शिवाय गॅमा किरण लहरीनंतर केवळ १.७ सेकंदांनीं आले. एवढ्या प्रवासांत गुरुत्वाकर्षणास दुसऱ्या दिशेंतून आडवाट सांपडली असती तर तें कितीतरी आधीं पोंचतें.

ही एकदशांशाची शंका कां उरली ? तारे आपल्याकडे तोंड करून फिरत होते कीं तिरपे, हें नीटसें कळलें नाहीं, म्हणून. पृथ्वीवर दूर दूर आणखी वेधशाळा असतील तर तें अधिक चांगलें कळेल. अशी एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ येथें व्हावयाची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्यें तिला तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजुरी दिली. जेथें नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरलें अशी कथा सांगतात, त्याच गांवाजवळ आतां प्रोटॉनहून बारीक हालचाल मोजली जाईल. या कामामागें पुण्याच्या आयुका संस्थेचें बळ आहे. तेथील संजीव धुरंधर यांनीं बी. एस. सत्यप्रकाश यांजबरोबर १९९१ सालींच, गोंगाटांत बुडालेली अशी लहर गणितानें कशी ओळखावी याचा पाया घातला होता. तेव्हां लहर सांपडण्यास चोवीस वर्षें अवकाश होता.

हें सारें आम्ही अण्णांस सांगितलें, तेव्हां त्यांनीं आम्हांस सोडलें नाहीं. "मराठवाड्यांत उन्हाळ्यांत टँकर फिरतात. २,६०० कोटींत किती बंधारे दुरुस्त होतील, याचा हिशोब मी तुम्हांस तासाभरांत करून देतों. आणि एवढें करून शेवटीं 'गळती नाहीं' हेंच ऐकावयाचें ना ?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून जाणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटतें. या मोजणीनें कोणाच्या विहिरीस पाणी येणार नाहीं. एक पैसा पाण्यासाठीं आणि एक ज्ञानासाठीं असें जेथें ठरवावें लागतें, तेथें आमचा कौल पाण्यास पडेल. परंतु बंधारे नादुरुस्त राहतात ते वेधशाळेमुळें, असें आम्हांस दिसत नाहीं. वेधशाळा रद्द झाली तर तो पैसा बंधाऱ्याकडे येईल, याचीहि खात्री कोणी देऊं शकणार नाहीं.

'गळती नाहीं' या उत्तराविषयीं मात्र अण्णा पुढें स्वतःच बोलले. नोकरीच्या आरंभीं एका कालव्यावर त्यांस तूट आढळली व त्यांनीं एका गांवावर पाणीचोरीचा अहवाल दिला. गांवाचें एक आवर्तन बंद झालें. पुढें दोन महिन्यांनीं कळलें, कीं मुखाशीं पाण्याची उंची दाखविणारी मोजपट्टीच चुकीच्या पातळीवर बसविली होती, तूट नव्हतीच. "त्या गांवची ज्वारी त्या सालीं करपली," अण्णा म्हणाले. "तेव्हांपासून मी पहिल्यानें पट्टी तपासली, मग गांव. 'गळती नाहीं' असें शंभर वेळां लिहिलें. साहेबांस तें काम वाटलें नाहीं, पण टेलचे शेतकरी त्या कागदावर भरंवसा ठेवून पेरीत."

नातीनें विचारलें, "आजोबा, औंढ्याला यायचं का माझ्याबरोबर, सुरू झाल्यावर ?"

अण्णांनीं वयाची सबब सांगितली नाहीं. कल्याणहून निर्मलकडे जाणारा महामार्ग नगरावरूनच जातो; पाथर्डीवरून परभणीपर्यंत त्यानें जावें आणि तेथून पुढें औंढ्याची चौकशी करावी, असें त्यांनीं तेथल्या तेथें ठरवून टाकलें. मात्र त्यांची एक अट होती: भुजा किती लांब आहेत तें आपण मागाहून पाहूं, आधीं त्यांची मोजपट्टी कोण तपासतो त्याची गांठ घालून दे.