लढाई न पाहिलेला किल्ला

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी पार्कमध्ये, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याकडे जाणाऱ्या बोटींची तिकिटे एका गोल दगडी वास्तूत मिळतात. तिकीट हाती पडले की मंडळी धक्क्याकडे धावतात. आपण कॅसल क्लिंटन या किल्ल्यात उभे होतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

इंग्लंडशी बिनसत चालले होते, त्या काळात, १८०८ ते १८११ दरम्यान, बंदराच्या रक्षणासाठी तो बांधला गेला. तांबूस वालुकाश्माच्या जाड भिंती, २८ तोफांची सोय. तेव्हा तो पाण्यात होता आणि लाकडी पुलाने किनाऱ्याशी जोडलेला होता. पुढे भराव पडत गेला आणि किल्ला बागेत आला. १८१२ मध्ये युद्ध पेटले, पण शत्रू या बंदरात शिरलाच नाही.

लष्कर निघून गेल्यावर १८२४ मध्ये तिथे ‘कॅसल गार्डन’ हे करमणुकीचे ठिकाण सुरू झाले. स्वीडिश गायिका जेनी लिंड हिची अमेरिकेतली पहिली मैफल १८५० मध्ये इथेच झाली.

वास्तूचे खरे मोठेपण मात्र १८५५ नंतरचे. युरोपातून आलेल्या गरीब माणसांना धक्क्यावरच दलाल गाठत आणि रेल्वेची तिकिटे, राहायच्या खोल्या अवाच्या सवा भावाने गळ्यात मारत. हे थांबवण्यासाठी न्यूयॉर्क राज्याने किल्ल्यातच स्थलांतरितांचे केंद्र उघडले. नाव नोंदवायचे, अंघोळ करायची, पैसे बदलून घ्यायचे, रास्त दराने तिकीट काढायचे, कामाची चौकशी करायची. सगळे एकाच ठिकाणी. १८९० पर्यंत ८० लाखांहून अधिक माणसे या दारातून अमेरिकेत आली. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा हे केंद्र चालू होते.

नंतर, १८९६ पासून, इथे मत्स्यालय होते. रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने ते १९४१ मध्ये बंद केले आणि किल्लाच पाडायचा घाट घातला. नागरिक झगडले, आणि १९४६ मध्ये संसदेने त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

दुरुस्ती होऊन १९७५ मध्ये तो खुला झाला, तो मूळ लष्करी रूपात. ही निवड मनाला पटत नाही. न लढलेल्या सैनिकांची जागा नीट दिसते आणि लाखो माणसांनी जिथे धडधडत्या छातीने नाव सांगितले, ते दालन दिसत नाही. त्यांच्यासाठी किल्ल्याबाहेर बागेत लुईस सँगिनो यांचे ‘द इमिग्रंट्स’ हे शिल्प आहे. बोटीची रांग धरण्याआधी ते जरूर पाहावे.