शुक्रवारची मालमत्ता, सोमवारची मालमत्ता

इस्लामी कायद्यात निकाह हा करार आहे. मेहर, तलाक, वारसा यांचे नियम ठरलेले आहेत. तरी जिथे जिथे हा कायदा गेला, तिथे त्याची गाठ गावच्या रिवाजाशी पडली. त्यात कुठे बाईचं पारडं जड झालं, कुठे हलकं. हे पाच नमुने पाहा!

लक्षद्वीप : वाराप्रमाणे वाटणी
मल्याळम बोलणाऱ्या बेटांवर वडिलोपार्जित घर आणि माड म्हणजे ‘शुक्रवारची मालमत्ता’. ती आईच्या वंशात उतरते. स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’, तिची वाटणी शरियतप्रमाणे. जुन्या पद्धतीत नवरा रात्री बायकोच्या घरी येई आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परते.

पश्चिम सुमात्रा : नवरदेवाची पाठवणी
मिनांगकाबाऊ मुसलमानांत नवरदेवाला वाजतगाजत त्याच्या घरून आणतात आणि तो सासरी राहायला जातो. पारियामान भागात तर मुलीकडचे त्यासाठी रक्कम मोजतात. वाडवडिलांची शेती आणि घर लेकींच्या वंशाला, स्वकष्टाची कमाई मात्र शरियतप्रमाणे.

मोरोक्को : घामाचा वाटा
सूस भागातल्या बायका शेतात आणि मागावर राबतात. संसारात वाढलेल्या संपत्तीत या कष्टांचा हिस्सा त्यांना तलाकनंतर किंवा वैधव्यात मिळावा, असा तिथला जुना रिवाज. २००४च्या कुटुंब कायद्यानेही करार नसल्यास दोघांचे कष्ट मोजायला सांगितलं.

मुंबई : रिवाजाने हिरावलेला हक्क
१८४७मध्ये खोजा मुलींनी वडिलांच्या इस्टेटीत कुराणाप्रमाणे वाटा मागितला. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज प्रमाण मानला. त्या रिवाजात मुलींना फक्त पालनपोषण आणि लग्नखर्च! १९३७च्या शरियत कायद्याने असे रिवाज मागे सारले, पण शेतजमीन वगळूनच. त्या कायद्यामागे मुस्लिम महिला संघटनांचाही आवाज होता.

कैरुआन : सवत नको!
ट्युनिशियातल्या या शहरात कित्येक शतकं निकाहाच्या करारातच अट असे : नवऱ्याने दुसरी बायको केली, तर पहिलीला फारकत घेता येईल. १९५६मध्ये ट्युनिशियाने बहुपत्नीत्वावरच बंदी घातली.

अशी अट आपल्याकडेही घालता येते. पत्नीला तलाकचा अधिकार देणारी ‘तफवीज’ची कलमं भारतीय न्यायालयांनी मान्य केली आहेत. म्हणून मेहरची बोलणी चालू असतानाच अटींचंही बोलून घ्यावं आणि त्या निकाहनाम्यात लिहून, मगच मुलीची सही घ्यावी.