भाडेकरू हप्ता फेडत नाही!

"वीस टक्के स्वतःचे घाला, बाकीचे भाडेकरू फेडतो." गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाला हे एजंट सांगतो, ऑफिसातला सहकारी सांगतो आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले लांबचे मामाही सांगतात. गणित मात्र कोणी मांडत नाही. मांडूनच बघू.

पुण्यात ८० लाखांचा तयार फ्लॅट धरा. कर्ज ६४ लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता बसतो साधारण ५५,५०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ४५ हजारांवर रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दल उतरतं जेमतेम दहा हजारांनी. भाडं २५ हजार आलं तर नशीब समजा. त्यातून मेंटेनन्स आणि घरपट्टी भरायची. शिवाय मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, सेवाशुल्काच्या कमाल दहा टक्के. अकरा महिन्यांनी नवा करार, मध्ये एखादा महिना कुलूप. म्हणजे दरमहा तीस हजारांहून जास्त तुमच्याच पगारातून! मुद्दल राहू द्या, भाडेकरू व्याजसुद्धा निम्मंच फेडतो.

"भाडं वाढतं की!" वाढतं. दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं, तर हप्ता गाठायला सतरा वर्षं लागतात.

आता ते वीस टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यावरच्या कर्जाला ७५. आणि या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी फी धरत नाहीत. पुण्यात सात टक्क्यांनी मुद्रांकाचे ५ लाख ६० हजार (फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास एक टक्का कमी), नोंदणीचे ३० हजार. सोळा लाखांचे झाले जवळपास बावीस, दलाली वेगळीच. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला एरवी पाच टक्के जीएसटीही लागतो. कमी पडलेले पर्सनल लोन काढून भरू म्हणाल, तर त्याचा हप्ता धरूनच बँक तुमची ऐपत ठरवते आणि गृहकर्ज तेवढं आक्रसतं.

"थोडे रोखीत देऊ, मुद्रांक वाचेल." मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि बँक कर्ज देते ते करारातल्या किमतीवर.

"बुकिंगला बिल्डर मागेल तेवढं द्यावं लागतं." रेरा कायद्यानुसार करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांवर पैसे घेता येत नाहीत.

"कर्ज लवकर फेडलं की बँक दंड लावते." बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर असा आकार घ्यायला २०१२ पासून बँकांना बंदी आहे.

"तोटा करात निघतो." नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही.

तरीही घ्यायचाच असेल, तर आधी वर्षभर दरमहा तीस हजार रुपये आवर्ती ठेवीत भरून पाहा. ओढाताण न होता जमलं, तरच बँकेची पायरी चढा.