गाडीच्या दिव्याची काच पिवळी पडली तर



गेल्या फेब्रुवारीत नाचणगावची संध्याकाळची सभा आटोपून मी जीपने पुलगावकडे निघालो होतो. पऱ्हाट्यांनी भरलेली एक बंडी पुढे चालली होती. ती मला दिसली तेव्हा अंतर जेमतेम दहा हात उरले होते. ब्रेक लागला म्हणून बरे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर जीपच्या दोन्ही दिव्यांची काच हळदीच्या पाण्यासारखी झालेली. बल्ब मात्र ठणठणीत!

काच म्हणतो ती आपली सवय. जुन्या ट्रॅक्टरच्या दिव्याला खरी काच असे, ती पिवळी पडत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांना पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. दगड लागला तरी ते सहसा फुटत नाही, पण उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यात त्यावर एक पातळ पारदर्शक लेप देतात. आपल्या वर्धा जिल्ह्यातले मे महिन्याचे ऊन आणि रस्त्याची धूळ यांनी तो लेप काही वर्षांत झिजतो, आणि मग खालचे प्लॅस्टिक पिवळे पडते. ठिबकच्या नळ्या काळ्या का असतात, ते आठवा. त्यांत काजळी घातलेली असते, ती ऊन अडवते. दिव्याला काजळी चालणार नाही, म्हणून त्याला लेपाचाच आधार.

नुकसान किती होते? अमेरिकेतील ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली चाचणी घेतली. धुरकट दिव्यांचा उजेड नव्या दिव्यांच्या सुमारे २० टक्केच भरला. घासून लेप दिल्यावर तो ७० टक्क्यांपर्यंत आला. रात्री रोही किंवा रानडुक्कर आडवे येते, तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

आधी दिव्यावर ओले फडके फिरवा. ओले असेपर्यंत काच स्वच्छ दिसली तर दोष बाहेरचा आहे, तो घरी निघतो. आत पाणी धरले असेल तर रबरी पट्टी तपासून घ्यावी, घासून उपयोग नाही.

दिव्याभोवतीच्या रंगाला चिकटपट्टी लावा. मग ८०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून एकाच दिशेने घासा. पाणी सतत सोडत राहा. आधी पिवळे पाणी निघेल. ते पांढरे निघू लागेपर्यंत हात थांबवू नका. नंतर १००० आणि शेवटी २००० नंबर, प्रत्येक वेळी दिशा बदलून. या अवस्थेत काच दुधाळ दिसते. पाहून घाबरायचे नाही.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण टूथपेस्ट चोळून किंवा पॉलिश करून थांबतात. दिवा चकाकतो, पण उरलासुरला लेपही घासून गेलेला असतो. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा पिवळा, बहुधा आधीपेक्षा लवकर. म्हणून काच धुऊन, वाळवून, औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने पुसा आणि अतिनील किरण अडवणाऱ्या क्लिअर कोटचे दोन-तीन पातळ हात फवारा. बारीक ओरखडे त्याने भरून निघतात, वेगळे पॉलिश नको. दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलेला असतो, तो पाळा. कोरड्या दिवशी, वारा नसताना, सकाळी उन्ह चढण्याआधी हे काम करावे. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की उत्तम. दोन पुड्यांचा कोट टिकाऊ असतो, पण त्याचा वास फुप्फुसाला घातक. साध्या रुमालावर भागवू नका. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीने काय झाले, ते आपण विसरलो नाही.

पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांचे फडके दिव्याला लावूच नका, प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. उजेड कमी म्हणून जास्त वॅटचा बल्ब टाकणेही नको. त्याच्या उष्णतेने काच आणि वायर दोन्ही खराब होतात, आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच.

गाडी कडुनिंबाखाली उभी करता आली तर करा, नाहीतर तोंडावर जुने बारदान टाका. धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी पाणी मारा. आणि बंडीच्या मागे लाल चमकपट्टी लावायला दहा मिनिटे पुरतात. ती ज्याची बंडी त्याने आजच लावावी.