अठराव्या वर्षानंतरचा दिवस

शाळा सुटली की मूल घरी येतं, यात नवल काही नाही. पण काही घरांत मुलगा अठरा वर्षांचा होतो, विशेष शाळा कायमची सुटते, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं तो घरातच असतो. सकाळी आंघोळ, नाश्ता, टीव्ही, जेवण, झोप, परत टीव्ही. त्याला कुणी त्रास देत नाही. घरचे जीव लावतात. फक्त त्याच्या दिवसात काही घडत नाही. हा लेख त्या रिकाम्या दिवसाबद्दल आहे, आणि तो भरायला काय लागतं याबद्दल.

आधी शब्द समजून घेऊ. विकासात्मक दिव्यांगता म्हणजे वाढीच्या वयातच, बहुतेक वेळा जन्मापासून, सुरू झालेली आणि आयुष्यभर सोबत राहणारी अवस्था. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सी हे त्यातले मुख्य प्रकार. डाउन सिंड्रोम हे बौद्धिक दिव्यांगतेमागचं एक नेहमी आढळणारं कारण. हा मानसिक आजार नव्हे. म्हणून ‘हा बरा कधी होणार?’ हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. ‘याला काय शिकायचंय, आणि त्यासाठी कुणाची किती मदत लागेल?’ हा खरा प्रश्न.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला आपले शब्द टोचतात. ‘खुळा’, ‘येडा’ हे तर सरळ शिव्यांसारखेच. ‘मतिमंद’ बराच काळ सभ्य मानला गेला, आता तोही मागे पडतोय. पण जास्त अवघड आहेत ते गोड शब्द : ‘देवाचं लेकरू’, ‘मनाने अजून लहानच आहे हो’. १९९१ च्या ‘चौकट राजा’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला नंदू बघून आपल्या आईवडिलांच्या पिढीने डोळे पुसले. वय मोठं आणि मन मुलाचं, ही प्रतिमा तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्की आहे. तिने माया वाढवली हे खरं. पण पस्तिशीच्या माणसाला लहान म्हटलं की आपण त्याला लहान मुलासारखंच वागवतो. त्याच्या हातात बालवाडीचं रंगवायचं पुस्तक देतो, त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलतो, त्याला काय हवंय ते त्याच्या आईला विचारतो. शिकण्याचा वेग कमी असला तरी त्याने पस्तीस पावसाळे बघितलेले असतात. त्याला मित्र हवे असतात, राग येतो, कुणीतरी आवडतं, कमाई करावीशी वाटते.

कायद्यातली फट इथेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या. ठरावीक प्रमाणाहून जास्त दिव्यांगता असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्कही दिला, पण तो ६ ते १८ वर्षांपर्यंत. त्यानंतर रोज सकाळी कुठेतरी जायचा हक्क असा उरत नाही. दुसरीकडे आयुर्मान वाढलंय. पूर्वी डाउन सिंड्रोमची कितीतरी मुलं लहानपणीच जायची. आता हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात, औषधं मिळतात, आणि त्यांतले अनेकजण पन्नाशी-साठी गाठतात. म्हणजे मुलगा पन्नाशीचा आणि आई ऐंशीला टेकलेली. आमच्या पॅरिशमधल्या एका मावशींनी मिस्सा संपल्यावर मला सांगितलं होतं, “मी रोज एकच मागते बघ, माझ्याआधी एक दिवस याला ने.” आईला हे मागावं लागतं, तेव्हा प्रश्न तिच्या एकटीच्या श्रद्धेचा राहत नाही. तिच्या पाठीमागे कुणी उभं नाही, असा त्याचा अर्थ होतो.

मग लागतं काय? मला जे समजलं ते चार शब्दांत सांगता येईल : काम, छंद, माणसं आणि निवड.

कामापासून सुरू करू. ‘याला जमणार नाही’ असं आपण पूर्ण कामाकडे बघून म्हणतो. विशेष शिक्षक ते काम तोडून बघतात. चहा करणं हे एक काम नव्हे, ती दहा-बारा लहान कामं आहेत : भांडं घे, खुणेपर्यंत पाणी भर, गॅस लाव, एक चमचा पावडर टाक. प्रत्येक पायरीचा फोटो ओट्यासमोर लावायचा, एकेक पायरी पक्की करायची, आणि जमेल तशी आपली मदत काढून घ्यायची. या पद्धतीने किती दूर जाता येतं, त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. अलिना आलम यांनी २०१७ साली हुबळीत एका कॉलेजच्या आवारात ‘मिट्टी कॅफे’ सुरू केलं. तिथे स्वयंपाकापासून गल्ल्यापर्यंतची कामं दिव्यांग माणसं करतात, त्यांत बौद्धिक दिव्यांगता असलेलेही आहेत. पुढे बेंगळुरूच्या विमानतळावर आणि २०२३ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात त्यांची शाखा निघाली. तिथे लोक भूक लागली म्हणून जातात, पैसे देतात, चहा आवडला तर परत येतात. दिवाळीत विशेष शाळेच्या स्टॉलवरून आपण पणत्या घेतो, त्यांतल्या किती आवडल्या म्हणून घेतो आणि किती दया आली म्हणून? मिट्टीच्या चहात आणि आपल्या पणतीत फरक असला तर एवढाच.

छंदांचं महत्त्व आपण कमी धरतो, कारण त्यातून पैसे येत नाहीत. पण आपलं स्वतःचं आयुष्य आठवून बघा. आपण कोण आहोत हे आपण नोकरीपेक्षा गाण्यांवरून, क्रिकेटवरून, वाचनावरून जास्त सांगतो. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये शिकागोला पहिलं स्पेशल ऑलिम्पिक भरलं. आज भारतातही ते काम चालतं. त्यांच्या ‘युनिफाइड’ खेळांची कल्पना मला फार आवडते. एकाच संघात बौद्धिक दिव्यांगता असलेले आणि नसलेले खेळाडू एकत्र खेळतात. बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या नाहीत, पास द्यायचा आणि घ्यायचा.

माणसांबद्दल बोलताना कॅथलिक म्हणून मला ‘लार्श’चं नाव घ्यावंच लागतं. फ्रेंचमध्ये लार्श म्हणजे तारू, नोहाचं तारू. १९६४ मध्ये फ्रान्समधल्या त्रोस्ली-ब्रुई या गावी जाँ व्हानिए यांनी मोठ्या संस्थेत कोंडलेल्या दोन बौद्धिक दिव्यांग पुरुषांना आपल्या घरी राहायला आणलं. वॉर्ड नाही, डॉक्टर-पेशंट नाही, साधं घर. एकत्र स्वयंपाक, एकत्र भांडी, एकत्र प्रार्थना. १९७० मध्ये बेंगळुरूला ‘आशा निकेतन’ निघालं, आणि तिथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असे सगळे एका घरात राहू लागले. १९७१ च्या ईस्टरला लूर्दच्या यात्रेतून ‘फेथ अँड लाइट’ ही चळवळ जन्मली. दोन दिव्यांग मुलांच्या आईवडिलांना आधी यात्रेत सामावून घ्यायला नकार मिळाला होता, त्यातून ती उभी राहिली. तिचे गट महिन्यातून एकदा भेटतात : दिव्यांग माणूस, त्याचे पालक आणि मित्र. खाणं, गाणं, प्रार्थना, एवढंच. पण महिन्यातला तो एक दिवस नक्की असतो.

या गोष्टीचा दुसरा भाग टाळून पुढे जाता येणार नाही. व्हानिए २०१९ मध्ये वारले. २०२० मध्ये लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीचा अहवाल जाहीर झाला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. २०२३ च्या सविस्तर अहवालात अशा किमान २५ स्त्रियांचा उल्लेख आहे. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, पण म्हणून गुन्हा हलका होत नाही. ज्यांची पुस्तकं आपल्याकडे रिट्रीटमध्ये वाचली जायची, त्यांच्याबद्दल हे वाचताना पोटात खड्डा पडतो. मला त्यातून दोन गोष्टी कळतात. ती घरं एका माणसाची नव्हती, रोज तिथे भांडी घासणाऱ्या, एकमेकांना सांभाळणाऱ्या शेकडो लोकांची होती, म्हणून ती आजही उभी आहेत. आणि जिथे दुबळी मानली गेलेली माणसं राहतात, तिथे कुणालाच संत मानून मोकळं होता येत नाही. तक्रार कुठे करायची हे तिथल्या प्रत्येकाला माहीत हवं, बाहेरच्या माणसाने येऊन तपासलं पाहिजे, आणि ‘नाही’ म्हणायला प्रत्येकाला शिकवलं पाहिजे.

त्यावरूनच चौथा शब्द : निवड. आज निळा शर्ट की पांढरा, इडली की पोहे, फिरायला जायचं की नाही. ज्याला आयुष्यभर कुणी विचारलंच नाही, त्याला अचानक मोठा निर्णय घेता येत नाही, आणि ‘नाही’ म्हणणं तर त्याहून अवघड. कायदाही आता या दिशेने आलाय. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार, अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तिच्यात जिल्हाधिकारी, एका संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. २०१६ चा कायदा ‘मर्यादित पालकत्व’ मांडतो, म्हणजे गरज आहे तेवढ्याच बाबतीत, आणि त्या व्यक्तीशी बोलून, दोघांनी मिळून ठरवायचं. ट्रस्टची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. निवासासाठी ‘समर्थ-कम-घरौंदा’ योजना आहे. अडचण अशी की हे कागद हाती पडतात ते बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, आणि सीमाभागातल्या खेड्यातली मराठी आई ते बघूनच घाबरते.

आता आपल्या मंडळाकडे येते. आपल्याला वैद्यकीय ज्ञान नाही, पैसे नाहीत. भाषा मात्र आहे. तिचे तीन उपयोग मला दिसतात.

एक, कागद. ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांनी महिन्यातला एक शनिवार पालकांचे अर्ज समजावून सांगायला आणि भरायला द्यावा.

दोन, सोपी मराठी. युरोपात ‘ईझी रीड’ नावाची लिहिण्याची पद्धत आहे. लहान वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, अवघड शब्दाचा अर्थ तिथेच, अक्षर मोठं, शेजारी चित्र. मराठीत असं मोठ्यांसाठी लिहिलेलं वाचायला मिळणं अवघड. मुलांच्या गोष्टी चालणार नाहीत. बसचा प्रवास, निवडणुकीतलं मत, दवाखाना, प्रेम, वडिलांचं जाणं, असे मोठ्यांचे विषय हवेत. विषय मोठा ठेवून वाक्य लहान करणं किती कठीण आहे, ते लिहायला बसल्यावरच कळतं. आपल्या लेखन कार्यशाळेला याहून चांगला अभ्यास नाही.

तीन, जागा. आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत लोक वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलनं भरवतात. गावाने मनावर घेतलं तर काय होतं, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. त्याच मांडवात या माणसांसाठी चार खुर्च्या, आणि एखाद्याला सतरंज्या अंथरायचं, पाणी द्यायचं, नावं पुकारायचं ठरलेलं काम असायला काय हरकत आहे? काम मात्र दरवर्षी त्याचंच असावं. तो आला नाही तर ‘आज तो कुठंय?’ असं कुणीतरी विचारलं पाहिजे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत मी पहिला सोपा मजकूर वाचायला आणणार आहे. विषय : बँकेत खातं कसं उघडायचं. कुणाला चित्रं काढता येत असतील तर त्याआधी मला भेटा.