‘हवे’ आणि ‘आवडते’ : मेंदूतील प्रेरणेच्या यंत्रणेसंबंधी काही संशोधन

‘मला चहा हवा’ आणि ‘मला चहा आवडतो’ ही दोन विधाने मराठी बोलणारा मनुष्य एकाच अर्थाने करीत नाही. पहिल्यात उणीव आणि ओढ आहे. दुसऱ्यात घेतलेल्या चवीचा अनुभव आहे. असे असूनही व्यवहारात आपण एकीवरून दुसरीचे अनुमान खुशाल करतो. जी वस्तू मनुष्य पुन्हा पुन्हा मागतो तीत त्याला सुख मिळत असलेच पाहिजे असे आपण धरून चालतो; आणि सुख मिळत नसताही तो मागत राहिला, तर त्याला दुर्बल मनाचा ठरवून मोकळे होतो. मानसशास्त्रानेही दीर्घकाळ याहून निराळे काही केले नाही. ‘पारितोषिक’ या एका संज्ञेखाली त्याने ओढ आणि आस्वाद हे दोन्ही अर्थ एकत्र कोंबले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मज्जाशास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी गेल्या साडेतीन दशकांत ही गाठ सोडविण्याचे जे काम केले, त्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाचा आरंभ कॅनडातील माँट्रिआल येथे, मॅक्‌गिल विद्यापीठात झाला, आणि तोही एका चुकीतून. जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर हे उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवून तिच्यातून सौम्य विद्युत्प्रवाह सोडीत होते. एका उंदराच्या बाबतीत तारेचे टोक ठरल्या जागी न पडता बरेच पुढे गेले. हा उंदीर, ज्या कोपऱ्यात त्याला प्रवाह मिळाला होता त्या कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा परतू लागला. पुढे पिंजऱ्यात एक दांडी बसवून, ती दाबली की प्रवाह मिळेल अशी सोय केली, तेव्हा उंदीर स्वतःच ती दाबीत सुटले. काही तर तासाला हजारो वेळा. १९५४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मेंदूतील ‘सुखकेंद्र’ सापडल्याचा बोलबाला झाला. वस्तुतः प्रयोगात दिसले होते ते एवढेच, की उंदीर दांडी दाबतो. त्याला सुख होते हे निरीक्षण नव्हते, अनुमान होते.

हे अनुमान पुढे डोपामीन या रसायनाला येऊन चिकटले. डोपामीनला मेंदूत स्वतंत्र कार्य आहे हे स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास दाखविले. त्यासाठी त्यांनी वापरलेले रेसर्पिन हे द्रव्य आपल्या सर्पगंधेच्या मुळीतून १९५२ साली वेगळे काढण्यात आले होते; आणि या मुळीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले गेले ते मुख्यतः मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील रक्तदाबविषयक निबंधामुळे. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडत. ज्या पदार्थापासून मेंदू डोपामीन बनवितो तो एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागत. कार्लसन यांना या कार्याबद्दल २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मानवी मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशींपैकी डोपामीन निर्माण करणाऱ्या मध्यमेंदूतील पेशी अवघ्या काही लाख आहेत. परंतु त्यांचे तंतू दूरवर, विशेषतः मेंदूच्या तळाशी पुढील बाजूस असणाऱ्या न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागापर्यंत पोचतात. ओल्ड्स यांच्या उंदरांना मोहविणाऱ्या जागा बव्हंशी याच वाटेवरील होत्या. डोपामीन रोखणारी औषधे दिली की प्राणी दांडी दाबण्याचे सोडून देत. यावरून रॉय वाइज यांनी १९८२ मध्ये असे मत मांडले, की ही औषधे सुखाचीच धार बोथट करतात.

बेरिज यांनी प्रथम हेच मत गृहीत धरले होते. मात्र त्यांच्या हाती एक निराळे साधन होते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला की ते ओठ चाटते, कडू ठेवला की तोंड वासते. उंदरातही असेच घडते. १९७८ मध्ये ग्रिल आणि नॉरग्रेन यांनी या मुखचर्यांचे मापन करण्याची पद्धत बसविली होती. या पद्धतीचा मोठा गुण असा, की प्राण्याला काहीही मिळवावे लागत नाही. द्रव नळीने थेट तोंडात सोडला जातो, म्हणून ‘मिळविण्याची खटपट’ आणि ‘मिळाल्यावरचा आस्वाद’ या दोन गोष्टी वेगळ्या पडतात. १९८९ साली बेरिज, व्हेनियर व रॉबिन्सन यांनी, ज्यांच्या मेंदूतील डोपामीनचे तंतू विषद्रव्याने जवळजवळ पूर्ण नष्ट केले होते, अशा उंदरांची परीक्षा घेतली. हे उंदीर आपण होऊन अन्नाला तोंड लावीत नव्हते. नळीने भरविले नाही तर अन्नाच्या राशीशेजारी उपाशी मेले असते. वाइज यांचे मत खरे असते तर साखरेच्या पाण्याने त्यांच्या मुखचर्येत काहीच फरक पडावयास नको होता. प्रत्यक्षात ते इतर उंदरांप्रमाणेच जिभल्या चाटीत होते. आवड शाबूत होती. ओढ मात्र नाहीशी झाली होती.

एका प्रयोगाने मत बदलू नये हे खरे, आणि बेरिज यांनाही स्वतःच्या निष्कर्षाची खात्री पटण्यास काही वर्षे लागली. त्यांनी उलट बाजूही तपासली : डोपामीन वाढविले असता प्राणी अधिक धडपडतो, अधिक खातो, परंतु गोडाला दिलेली त्याची दाद वाढत नाही. मग आस्वाद मेंदूत कोठे उपजतो? २००५ साली पेचिन्या व बेरिज यांनी दाखविले, की न्यूक्लियस अक्युम्बेन्सच्या आतील कडेस सुमारे एक घन मिलीमीटर एवढी जागा आहे. तेथे अफूच्या जातीचे द्रव्य सूक्ष्म प्रमाणात सोडले तर उंदराच्या आनंददर्शक मुखचर्या कितीतरी वाढतात. याच भागात इतरत्र तेच द्रव्य सोडले तर उंदीर खातो अधिक, पण त्याची आवड वाढत नाही. ओढीचे क्षेत्र विस्तीर्ण आणि आस्वादाची जागा चिमुकली, ही विषमता मला तरी या साऱ्या संशोधनातील सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट वाटते.

डोपामीनचा दुसरा अर्थही लावला गेला आहे आणि तो तितकाच वजनदार आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामीनपेशींचे विद्युत्स्पंद टिपले. अनपेक्षित फळरस मिळाला की पेशी उसळत. रसाआधी नेहमी खूण दाखविली जाऊ लागली की खुणेलाच उसळत. आणि खूण होऊन रस न आला तर त्या वेळी त्यांचे स्पंद थांबत. अर्थात अपेक्षा व प्राप्ती यांतील तफावत या पेशी मोजतात व त्यातून प्राणी शिकतो, असे शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये प्रतिपादन केले. बेरिज यांचा आक्षेप असा, की ओढ ही शिकलेल्या मूल्याची नुसती नोंद नव्हे. शरीराच्या तात्कालिक अवस्थेनुसार ती क्षणात पालटते.

२०१३ साली माइक रॉबिन्सन यांच्यासह त्यांनी केलेला प्रयोग याच मुद्द्यावर आहे. पिंजऱ्यात एक दांडी पुढे आली की उंदराच्या तोंडात समुद्राच्या पाण्याहून दुपटीपेक्षाही अधिक खारट द्रव सोडला जाई. उंदीर लवकरच त्या दांडीला भिऊन दूर पळू लागले. नंतर औषधांनी त्यांच्या शरीरातील क्षार एकाएकी घटविला. अशी क्षारतूट त्यांनी जन्मात कधी अनुभविली नव्हती. या स्थितीत दांडी पुन्हा दिसताच, मिठाचा एक थेंबही चाखण्यापूर्वी, ते तिच्यावर झेपावले आणि तिला हुंगू, चावू लागले. पूर्वानुभवाच्या जमाखर्चात त्या दांडीच्या नावे तिटकाराच लिहिलेला होता. केवळ त्या नोंदीवरून हे वर्तन कसे उलगडावे? शुल्ट्झ यांच्या पक्षाकडे यावर उत्तरे नाहीत असे नाही, आणि वाद मिटलेला नाही. परंतु केवळ ‘शिकणे’ या शब्दाने काम भागत नाही एवढे मान्य करावे लागते.

टेरी रॉबिन्सन व बेरिज यांनी १९९३ साली व्यसनाविषयी मांडलेली उपपत्ती येथूनच निघते. मादक द्रव्याच्या वारंवार सेवनाने ओढीची यंत्रणा अतिसंवेदनशील होते व तशीच दीर्घकाळ राहते. आस्वाद मात्र वाढत नाही, बहुधा घटतो. म्हणूनच तंबाखू सोडून वर्षे लोटलेल्या गृहस्थाचा हात दुसऱ्याची चंची दिसताच नकळत पुढे होतो. ‘तुला त्यात काय एवढे सुख वाटते?’ हा घरच्यांचा प्रश्न येथे मुळातच चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. सर्वच अभ्यासक ही उपपत्ती स्वीकारीत नाहीत; कित्येकांच्या मते व्यसनात ओढीपेक्षा अंगवळणी पडलेली सवय प्रबळ असते.

मनुष्यातील पुरावा एका अनपेक्षित दिशेने आला. कंपवाताच्या रुग्णांना डोपामीनचे काम करणारी औषधे देतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या पाहणीत १३.६ टक्के रुग्णांमध्ये जुगार, अनावर खरेदी, कामवासनेचा अतिरेक वा अधाशी खाणे यांपैकी निदान एक विकार आढळला. डोपामीनसदृश औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. अशा रुग्णांत आयुष्यभर काटकसरीने वागलेली माणसेही असतात, आणि औषधाची मात्रा उतरविली की त्यांपैकी पुष्कळांचे हे वेड ओसरते.